उशाशी बसलेली परिचारिका

(अंतिम अवस्थेतील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आणि घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेले व्याख्यान)



शरपंजरी पडलेल्या भीष्मांची कथा येथे बसलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. परंतु त्या कथेकडे रुग्णसेवेच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. पितामहांचे सर्वांग बाणांवर तोलले गेले होते. मस्तक मात्र निराधार लोंबत होते. त्यांनी उशी मागितली. भोवती जमलेल्या राजांनी धावपळ करून मऊ, उंची उशा आणल्या. भीष्मांनी त्या हसून बाजूला सारल्या आणि अर्जुनाकडे पाहिले. अर्जुनाने काय करू म्हणून विचारले, आणि मग तीन बाण मारून त्यांच्यावर ते मस्तक टेकवले. पितामह संतुष्ट झाले. पुढे तहान लागली तेव्हाही तेच. कुणी शीतल जलाचे कुंभ आणले, कुणी पक्वान्ने आणली. भीष्मांनी पुन्हा अर्जुनालाच बोलावले.

उशा आणणारे ते राजे काही दुष्ट नव्हते. त्यांच्या मनात आदर होता, तत्परताही होती. पण रुग्णाला काय हवे आहे हे त्यांनी आपल्या मनानेच ठरवून टाकले होते. अर्जुनाने आधी विचारले, आणि आपल्यासमोर कोण पडला आहे हे ओळखले.

कथा तेथेच संपत नाही. सगळे आपापल्या शिबिरांत परतल्यावर कर्ण एकटा आला. ज्याला भीष्मांनी भर सभेत वारंवार घालूनपाडून बोलले होते, तोच हा कर्ण. पितामहांनी रक्षकांना दूर केले आणि एका हाताने त्याला कवटाळले. युद्ध संपल्यावर युधिष्ठिराला त्यांनी आपल्याजवळचे सगळे ज्ञान दिले. अठ्ठावन्न रात्री त्या शय्येवर काढून, उत्तरायण लागल्यावर देह ठेवला. योग्य उशी, घोटभर पाणी, राहून गेलेली एक भेट, मागे ठेवावयाचे संचित आणि आपल्या वेळेची शांतपणे वाट पाहणे. मरणोन्मुख माणसाच्या आध्यात्मिक गरजा म्हणजे दुसरे काय असते? आजच्या रुग्णालयातील सहाव्या क्रमांकाच्या खाटेवरील गिरणी कामगारालाही हेच हवे असते. फरक इतकाच, की त्याच्या उशाशी अर्जुन नसतो. रात्रपाळीची परिचारिका असते.

'आध्यात्मिक' हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पोथी, माळ आणि गुरुजी येतात. त्या गोष्टी त्यात आहेतच. पण तेवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली परिहार सेवेची जी व्याख्या केली, तिच्यात शारीरिक वेदनेच्या बरोबरीने मनोसामाजिक आणि आध्यात्मिक समस्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. परिचारिकांच्या निदानसूचीत 'आध्यात्मिक व्यथा' हे निदान कित्येक दशकांपासून स्वतंत्रपणे नोंदवले जाते. म्हणजे हा कुणाच्या हौसेचा वा भाविकतेचा प्रश्न नसून कामाचा भाग आहे. रक्तदाब न पाहणे जशी हयगय, तशीच ही व्यथा न पाहणे हीसुद्धा हयगयच.

पाश्चात्त्यांना हे सांगणारी स्त्री मुळात परिचारिकाच होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेल विद्यालयात शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे परिचर्या सोडावी लागली, तेव्हा त्या रुग्णांच्या सामाजिक अडचणी पाहणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या. तेथे त्यांची डेव्हिड टास्मा या रुग्णाशी गाठ पडली. वॉर्सातून आलेला पोलिश ज्यू, वय चाळीस, उपजीविका वाढप्याची, पोटात पसरलेला कर्करोग आणि लंडनमध्ये जवळचे कुणीही नाही. आपण जगलो ते वाया गेले, आपल्या असण्याची कुठे खूणही उरणार नाही, हेच त्याचे खरे दुखणे होते. सॉन्डर्स त्याच्याजवळ बसत, ऐकत. एकदा त्याने धीराचे काही ऐकवण्यास सांगितले. सॉन्डर्स यांनी पाठ असलेले एक स्तोत्र म्हटले आणि आणखी वाचून दाखवू का, असे विचारले. त्याने नकार दिला. त्याला पुस्तकातले नको होते. त्यांच्या मनातले आणि हृदयातले हवे होते.

सॉन्डर्स निष्ठावान ख्रिस्ती होत्या. तो ज्यू होता आणि धर्मापासून दुरावलेला. त्यांनी त्याला आपल्या पंथाकडे ओढले नाही. मरण्यापूर्वी त्याने कक्षातील परिचारिकेला सांगितले, की आपल्या पूर्वजांच्या देवाशी आपला समेट झाला आहे. १९४८च्या फेब्रुवारीत तो गेला. जाताना त्याने पाचशे पौंड सॉन्डर्स यांच्यासाठी ठेवले. तुमच्या घरातील एक खिडकी मी होईन, असे तो म्हणाला होता. तेव्हा ते घर कुठेच नव्हते. मरणाऱ्यांसाठी काही करायचे तर डॉक्टर व्हा, परिचारिकेचे कुणी ऐकणार नाही, असा सल्ला सॉन्डर्स यांना मिळाला, आणि तिशी ओलांडल्यावर त्यांनी वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षात नाव घातले. १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. एका खिडकीभोवती घर बांधायला एकोणीस वर्षे लागली! २००५ साली त्यांनी स्वतःही त्याच वास्तूत देह ठेवला. शरीर, मन, समाज आणि आत्मा या चारही ठिकाणी एकाच वेळी ठणकणाऱ्या दुःखाला त्यांनी 'समग्र वेदना' असे नाव दिले.

परिचारिकेचे कुणी ऐकणार नाही हा सल्ला आपल्या परंपरेत मात्र बसत नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारक हा वैद्याचा हरकाम्या नसून चिकित्सेचा स्वतंत्र आधारस्तंभ आहे. त्याच्या ठायी चार गुण असावेत : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यांतील तीन गुण आजही परीक्षेत तपासले जातात. अनुरागाला गुण देण्याची सोय कोणत्याही विद्यापीठाने अद्याप केलेली नाही.

भारतात पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' या नावाने सुरू झाले. १९९३ साली कोझिकोडमध्ये वेदनाशमनाचे काम उभे राहिले आणि पुढे केरळात गावोगावच्या स्वयंसेवकांनी ते घराघरात नेले. १९९७ साली पुण्यात वारजे येथे सिप्लाचे परिहार सेवा केंद्र निघाले. तेथे रुग्णाकडून शुल्क घेतले जात नाही. परळला नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात गावाकडून येणारी कुटुंबे टेकतात, तेथील कार्यकर्त्यांना हा विषय पुस्तकातून शिकवावा लागत नाही. तरीही देशाची लोकसंख्या पाहता हे सारे ओंजळभरच आहे. बहुतेक माणसे घरी नाहीतर सामान्य कक्षात जातात, आणि सधन माणसे अतिदक्षता विभागात, नळ्यांच्या जाळ्यात, आप्तांना काचेबाहेर ठेवून. यांपैकी अधिक एकाकी कोण, हे ठरवणे अवघड आहे.

आता प्रत्यक्षाकडे वळू. समजा, पहाटेचे सव्वातीन वाजले आहेत. सलाइन बदलायला आलेल्या परिचारिकेला रुग्ण विचारतो, "सिस्टर, मी असं काय पाप केलं होतं हो?" हा प्रश्न आपल्याकडे फार विचारला जातो. त्याला दोन उत्तरे हमखास दिली जातात. एक, "असं काही बोलू नका, बरे व्हाल." दुसरे, सहसा नातेवाइकांकडून, "भोग आहेत, भोगूनच संपवायचे." पहिले उत्तर खोटे आहे आणि ते खोटे आहे हे रुग्णाला ठाऊक असते. दुसरे क्रूर आहे. कर्मसिद्धान्त माणसाला स्वतःच्या आचरणाची जबाबदारी घ्यायला शिकवतो. शेजारच्या खाटेवर तळमळणाऱ्याचा निवाडा करण्याचा परवाना तो कुणालाही देत नाही. शेजाऱ्याचे दुःख समोर आले असता ते हलके करणे हे पाहणाऱ्याचे कर्म ठरते. सव्वातीन वाजता अर्थात सिद्धान्त मांडायचा नसतो. खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, "असं का वाटतं तुम्हाला?" पुष्कळदा त्या प्रश्नामागे एक माणूस निघतो. धाकटा भाऊ, ज्याच्याशी जमिनीच्या वादात वीस वर्षे बोलणे नाही. परजातीत लग्न केले म्हणून घर बंद झालेली मुलगी. सकाळच्या पाळीला इतकेच सांगायचे असते, की यांच्या भावाला फोन करून पाहा. कर्ण येईलच असे नाही. पण त्याला निरोप तरी गेला पाहिजे.

या 'भोगा'च्या कल्पनेचा आणखी एक दुष्परिणाम स्पष्ट बोलला पाहिजे. वेदनाशमनासाठी मॉर्फिन देण्यास घरातूनच विरोध होतो. व्यसन लागेल, शुद्ध जाईल, मुखी नाम येणार नाही, अशी भीती असते. नामाची चिंता खोटी नाही. अंतकाळी ज्याचे स्मरण तीच गती, हे गीतेच्या आठव्या अध्यायातील सूत्र घरोघरी श्रद्धेने मानले जाते. परंतु हाडात पसरलेल्या कर्करोगाचा ठणका सहन करणाऱ्याला नाम घेता येत नाही. त्याला फक्त ठणका आठवतो. वेदना परत उसळण्याची वाट न पाहता योग्य मात्रा घड्याळाच्या काट्यावर दिली, तर रुग्ण बहुधा सावध राहतो, बोलतो, जप करतो. हे सॉन्डर्स यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळापूर्वी दाखवून दिले. ज्या देशात अफूची अधिकृत शेती होते त्या देशात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट काहीशी मोकळी झाली. मनातली अढी मात्र संसदेने दुरुस्त होत नाही. ती परिचारिकेलाच, घरच्या माणसांशी बोलून, सोडवावी लागते. एखादा रुग्ण जाणीवपूर्वक थोडी वेदना पत्करून अधिक जागे राहू इच्छील, तर तो त्याचा अधिकार. तो त्याने स्वतः सांगितला पाहिजे, जावयाने नव्हे.

शेवटच्या आठवड्यांत अनेक रुग्ण सांगतात, "आई आली होती. पायथ्याशी बसली होती." आई जाऊन तीस वर्षे झालेली असतात. नातेवाईक घाबरतात, कुणी भास म्हणून गोळी मागतो. अमेरिकेत बफेलो येथील हॉस्पिसमध्ये एकोणसाठ रुग्णांना त्यांच्या मृत्यूपर्यंत वरचेवर भेटून या स्वप्नांची व दर्शनांची नोंद करण्यात आली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. दहांपैकी जवळजवळ नऊ जणांना असे किमान एक तरी दर्शन घडले होते, आणि दिवंगत आप्त दिसण्याने रुग्णांना सर्वाधिक दिलासा मिळत होता. आई खरोखर आली होती काय, याचा निर्णय देणे परिचारिकेचे काम नाही. "काय म्हणाली?" एवढे विचारणे तिच्या हाती आहे. भ्रमिष्टावस्थेतील भयभीत तगमग वेगळी असते. तिच्यावर उपचार हवेतच, आणि हा भेद करणे हे अनुभवी परिचारिकेचे कसब आहे.

श्रवण उशिरापर्यंत टिकते, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत आणि कानाशी नाम उच्चारीत. २०२० साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधील निपचित पडलेल्या काही रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्लहरी तपासल्या. प्रतिसाद न देणाऱ्या काहींचे मेंदूही आवाजाला प्रतिसाद देत होते. त्यांना अर्थ कळत होता की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. तथापि खाटेपाशी उभे राहून दहनाच्या सामानाची चर्चा करू नये, एवढे तरी त्यातून शिकता येईल.

विधींच्या बाबतीत परिचारिकेची खरी परीक्षा बारीकसारीक गोष्टींत होते. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ अतिदक्षता विभागात कात्रीने कापून पिशवीत टाकली जाते. ज्याने चाळीस वर्षे ती क्षणभर उतरवली नाही त्याच्या लेखी मरण तेथेच ओढवते. नळ्यांना अडचण होत असेल तर विचारून, त्याच्या मनगटाला गुंडाळून ती चिकटपट्टीने बसवता येते. गंगाजल तोंडात घालायचे असते. पण गिळण्याची शक्ती गेली असेल तर चमचाभर पाणी श्वासनलिकेत जाऊन गुदमरवते. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करावेत, तुळशीचे पान ओठांवर ठेवावे. श्रद्धेत काही उणे पडत नाही. प्राणवायू चालू असताना खाटेजवळ निरांजन पेटवता येत नाही, हे ठामपणे सांगावे आणि दिवा बाहेर कुठे लावता येईल ते दाखवावे. खाटेवर प्राण जाऊ नये, भूमीवर घ्यावे, असा आग्रह असतो. ते अशक्य असले तरी खाट सर्वांत खालच्या पातळीला आणता येते. मुसलमान रुग्णाचे तोंड काबाच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, करता येते. शीख रुग्णाचे कडे वा पारशाची सदरा-कुस्ती न विचारता काढू नये. कॅथलिक रुग्णासाठी धर्मगुरूला शुद्ध असतानाच बोलवावे. जैन रुग्णाजवळ नवकार मंत्र चालू असेल तर औषधाची फेरी दोन मिनिटे थांबू शकते. हे सगळे पाठ करण्याचीही गरज नाही. दाखल करून घेताना एक प्रश्न विचारला तरी पुरे : तुमची नीट काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याविषयी आम्हाला काय ठाऊक असायला हवे?

येथे एक मर्यादा आखून घ्यावी लागते. २००८च्या डिसेंबरात इंग्लंडमधील एका परिचारिकेला निलंबित करण्यात आले, कारण तिने घरी शुश्रूषा घेणाऱ्या एका वृद्धेला, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असे विचारले होते. पुढे फेब्रुवारीत तिला कामावर परत घेण्यात आले. एका साध्या प्रश्नासाठी निलंबन ही अतिरेकी शिक्षा होती, यात शंका नाही. तरीही त्या प्रश्नात एक अडचण आहेच. खाटेवरचा माणूस परावलंबी असतो. पाणी, बेडपॅन, वेदनेची गोळी, सारे जिच्या हातून मिळते तिला 'नको' म्हणणे सोपे नसते. म्हणून श्रद्धेचा धागा रुग्णाकडून निघाला पाहिजे. मृत्युशय्या ही मतप्रचाराची जागा नव्हे. गलितगात्र माणसाच्या कपाळी कुणी गुपचूप पाणी शिंपडून त्याचा धर्म बदलू पाहील, तर आपल्याला संताप येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तोच निकष आपल्यालाही लागू आहे. आयुष्यभर नास्तिक राहिलेल्या वृद्ध शिक्षकाच्या कानाशी त्याच्या इच्छेविरुद्ध टेपवर स्तोत्रे लावणे, हेसुद्धा अतिक्रमणच. केरळातून आलेल्या ख्रिस्ती परिचारिका महाराष्ट्रातील रुग्णालयांत दोन-तीन पिढ्या राबत आहेत. नातेवाईक पोहोचले नाहीत म्हणून रुग्णाच्या ओठांवर स्वतः तुळशीपत्र ठेवणाऱ्या अशा परिचारिकेला कोणत्याही व्याख्यानाची गरज नसते.

अन्नत्यागाचा प्रसंग सर्वांत नाजूक. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६च्या फेब्रुवारीत अन्न-औषध सोडून आत्मार्पण केले. विनोबांनी १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला तेच केले. जैनांच्या संथाऱ्यावर राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सामान्य रुग्ण इतका मोठा निर्णय घेत नाही. तो फक्त तोंड फिरवतो. शेवटच्या दिवसांत देहाला अन्नाची वासनाच उरत नाही, आणि जबरदस्तीने भरवलेला पेजेचा घास छातीत जातो. पण घरच्यांना वाटते, आपण उपाशी मारतो आहोत. सुनेच्या हातातून चमचा काढून घेताना तिच्या हाती ओला कापूस द्यावा, म्हणजे सेवा थांबत नाही.

वेळ कुठे आहे, असा प्रश्न येथे प्रत्येकीच्या मनात असणार. रात्रपाळीला एकीवर तीस-चाळीस रुग्णांचा भार पडणे आपल्याकडे नवे नाही, आणि त्या व्यवस्थेला 'अनुराग बाळगा' असा उपदेश करून मोकळे होणे ही शुद्ध लबाडी ठरेल. पदे भरली पाहिजेत, हे व्यवस्थापनाला सांगितलेच पाहिजे. तोवर, अंग पुसताना आणि कूस बदलताना जी दहा मिनिटे जातातच, ती मुकाट्याने जावीत की बोलत, एवढाच पर्याय उरतो. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या कक्षांत, घामाने निथळणाऱ्या पोशाखात, मरणाऱ्याच्या कानाशी त्याच्या मुलाचा फोन धरून उभ्या राहिलेल्या परिचारिकांजवळ तरी वेळ कुठे होता?

त्यांचेही काही मागे राहते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली अत्याचार झाला, आणि पुढे जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी त्या जाईपर्यंत, सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना न्हाऊमाखू घातले. २०११ साली दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ज्या परिचारिकांनी त्यांना कधी बोलताना ऐकले नव्हते, त्याही त्या दिवशी रडल्या. रडायला अशी जागा बहुतेक कक्षांत नसते. देह पुसून, हनुवटी बांधून, चादर ओढेपर्यंत पुढच्या रुग्णाची गाडी दारात आलेली असते. काही हॉस्पिसमध्ये मृत्यूनंतर खाट लगेच भरत नाहीत. त्या पाळीतल्या सगळ्या जणी मिनिटभर तेथे उभ्या राहतात, गेलेल्याचे नाव घेतात आणि मग चादर बदलतात. याला पैसा लागत नाही, शासननिर्णयही लागत नाही.

आज घरी गेल्यावर येथील प्रत्येकाने आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे, की शेवटी उशाशी कोण असावे, कानावर काय पडावे आणि कुणाला बोलवायचे राहिले आहे. ते चिडतील, "मला घालवायला निघालास काय?" म्हणतील. मग थोड्या वेळाने, चहा पिताना, आपणहून सांगू लागतील.